खाणीतला वाटाड्या

माझा धाकटा भाऊ चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि निवृत्त झाल्यावर व्हिडिओ गेम खेळायला लागला. लोक हसले. मीही हसले. साठीला टेकलेला माणूस भरदुपारी कॉम्प्युटरसमोर बसून 'उजवीकडे, उजवीकडे' करतो, त्याला हसू नाही तर काय करू?

त्याचं लग्न झालं नाही. माझा नवरा गेला, मुलगी परदेशी गेली, तेव्हा तो माझ्याकडे राहायला आला. मी तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. पंचेचाळीस मिनिटांचा तास आणि समुद्राएवढा अभ्यासक्रम, त्यामुळे कुणी रेंगाळत बोललेलं मला सोसत नाही. आणि हा लहानपणापासून असा, की एक शब्द उच्चारला की दुसरा आणायला जणू परगावी जायचा. तो "ताई, मला जरा" म्हणेपर्यंत मी पाण्याचा पेला त्याच्या हातात ठेवून मोकळी. दहातल्या नऊ वेळा माझा अंदाज बरोबर असायचा. दहाव्या वेळी तो निमूट पाणी पिऊन टाकायचा.

गेम असा. तिघांनी मिळून एका खाणीत उतरायचं, तळाचे रंगीत खडे गोळा करायचे आणि छत कोसळायच्या आत वर यायचं. खाणीचा नकाशा तिघांपैकी एकालाच दिसतो. उरलेल्या दोघांना हातातला कंदील आणि पुढचा वीतभर उजेड. नकाशावाल्याने बोलायचं, कंदीलवाल्यांनी चालायचं. नकाशा माझ्या भावाकडे असायचा. बाकीचे दोघे कुठल्या कुठे राहणारे, एकमेकांना कधीही न भेटलेले. एकाची पावाची भट्टी होती. पहाटे उठून राबायचा, दुपारी झोपायचा आणि चारला ताजातवाना व्हायचा, म्हणून खेळ रोज चारला. दुसरी नर्स, नुकत्या जन्मलेल्या बाळांच्या वॉर्डातली. तिला भाऊ आणि भट्टीवाला सिस्टर म्हणायचे, आणि ती दोघं माझ्या भावाला उस्ताद.

लिफ्टच्या कामात एक पद्धत असते. एक माणूस वर मोटारीपाशी, दुसरा खाली खड्ड्यात. खालचा "बंद" म्हणाला की वरच्याने तोच शब्द परत म्हणायचा, मगच बटणाला हात लावायचा. शब्द परत आला नाही तर कुणी हलायचं नाही, दिवस मावळला तरी. ही पद्धत भावाने खाणीत नेली होती. हेडफोनने कान दुखतात म्हणून तो आवाज बाहेर सोडायचा, त्यामुळे मला स्वयंपाकघरातून सगळं ऐकू यायचं.

"डावीकडे."

"डावीकडे," भट्टीवाला म्हणायचा.

"डावीकडे," सिस्टर म्हणायची. "उस्ताद, सासूबाईंचा चष्मा आज फ्रिजमध्ये निघाला."

"मग डोळ्यांना गारवा मिळाला असेल," भट्टीवाला.

"गप रे. तुझ्या पोरीचा दात पडला का?"

"पडला, आणि बाईसाहेबांनी गिळला. आता म्हणते, पोटात चावतोय."

"सरळ. पुढे खड्डा आहे, उडी मारा."

"उडी." "उडी."

एक दिवस मी चहा घेऊन दारात आले आणि थबकले. भाऊ बोलत होता. सलग. एका इमारतीत नऊ वर्षं एकमेकांचं तोंड न बघणारे दोन शेजारी लिफ्टमध्ये अडकले. भांडण छतातल्या गळतीवरून. हा पाऊण तास खटपट करून दार उघडतो, तर आत दोघं जमिनीवर मांडी घालून बसलेले, आणि त्यांतला एक म्हणतो, "पाच मिनिटांनी या हो, आमचं बोलणं चाललंय." भावाला ही गोष्ट सांगायला चांगली दहा मिनिटं लागली. मधे केवढाले खंड. त्या दोघांपैकी कुणी एका शब्दानेही मधे पडलं नाही. शेवटी भट्टीवाला असा हसला की त्याला ठसका लागला.

"ही गोष्ट मला कधी सांगितली नाहीस ती?" मी चहा ठेवत विचारलं.

"ताई, तू..."

"हो हो, मी ऐकून घेत नाही. माहीत आहे."

त्याने चहा उचलला.

खेळ सुरू होऊन पाच वर्षं होत आली तेव्हा त्याचा घसा बसला. आधी आम्ही सर्दी म्हटलं, मग धूळ म्हटलं, मग तो डॉक्टरांकडे गेला. माझा गुडघा सुजला होता, म्हणून एकटाच गेला. परत येऊन त्याने सांगितलं की स्वरयंत्रात गाठ आहे, चांगली नाही, आणि स्वरयंत्र अख्खं काढावं लागेल. गाठ जाईल, माणूस वाचेल, आवाज मात्र जाईल. एवढं सांगायला त्याला पाव तास लागला आणि तेवढा वेळ मी कशीबशी गप्प बसले. मग तो म्हणाला, "ऑपरेशन पुढच्या..."

"पुढच्या महिन्यात ना? बरं. तोवर मी मुलीला कळवते, पथ्याचं बघते."

त्याने माझ्याकडे पाहिलं. काहीतरी म्हणेल असं वाटलं. मग तो उठून खोलीत गेला, कारण चार वाजले होते.

महिना उलटला. मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "डॉक्टर..."

"सुट्टीवर असतील. ते लोक कायम सुट्टीवरच असतात."

त्याने मान हलवली. मी डॉक्टर जमातीला दोन शिव्या हासडल्या आणि भाजी फोडणीला टाकली. माणूस स्वतःला शहाणा समजतो तेव्हाच असा आंधळा असतो.

छडा सिस्टरने लावला. आणखी तीन आठवड्यांनी एका दुपारी खेळ चालू असताना ती एकदम म्हणाली, "थांबा. उस्ताद, आवाज किती दिवस असा आहे?"

"सर्दी आहे," भाऊ म्हणाला. आवाज नव्हताच, नुसती खरखर.

"अडीच महिने सर्दी? मी नर्स आहे, भाजीवाली नाही. घरात मोठं कोण आहे?"

"ताई आहे ना त्यांची," भट्टीवाला म्हणाला. "ताई, ऐकताय का?"

मी हात पुसत आत गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्या यंत्राशी बोलले. सांगितलं, गाठ आहे, ऑपरेशन ठरलंय, डॉक्टर सुट्टीवरून आले की होईल.

"तारीख कुणी दिली?" सिस्टरने विचारलं.

"डॉक्टरांनीच. पुढच्या महिन्यात म्हणाले होते."

"ताई, अशा गाठीला कुठलाही डॉक्टर महिना देत नाही. कागद बघा."

भाऊ खुर्चीत खाली बघत बसला होता. मी त्याचा खण उघडला. पान्यांच्या पिशवीखाली कागद होता. 'एका आठवड्याच्या आत भरती व्हावे.' तारीख जवळपास दोन महिन्यांपूर्वीची. त्याला म्हणायचं होतं, पुढच्या आठवड्यात. वाक्य मी पुरं केलं होतं, आणि माझी चूक त्याने तशीच राहू दिली होती. दुसऱ्या वेळी तर मी डॉक्टरांना सुट्टीवरही पाठवलं होतं.

मी ओरडले. काय काय ओरडले ते लिहीत नाही. शेवटचं एवढंच आठवतं, "एका गेमसाठी? एका पोरखेळासाठी?"

"गेमसाठी नाही," तो म्हणाला. मग थांबला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "अजून थोडे दिवस बोलायचं होतं. इथं माझं बोलणं पुरं होतं."

स्पीकर चालूच होता. पलीकडे दोघं ऐकत होती.

ऑपरेशन पाचव्या दिवशीचं ठरलं. तोवर रोज चारला ते खाणीत उतरले. सिस्टरने खडे वेचणंच बंद केलं, भट्टीवाल्यानेही. कंदील खाली ठेवून दोघं एका कोपऱ्यात बसून राहायची आणि हा खरखरत्या आवाजात बोलायचा. छत कोसळायचं, खेळ संपायचा, की पुन्हा उतरायचे. मी बाहेर भिंतीला टेकून उभी असायचे. आत गेले नाही. गेले असते तर मधे बोलले असते.

ऑपरेशन नीट झालं, असं सर्जन म्हणाले. मग मानेतल्या गाठींचा रिपोर्ट आला आणि ते म्हणाले, थोडं आधी यायला हवं होतं. नळीतून बोलायचं एक साधन मिळतं, ते बसवू म्हणत होते, पण तेवढी ताकद त्याच्यात परत आलीच नाही. तो सात महिने जगला.

घरी आल्यावर पंधरा दिवसांनी तो कॉम्प्युटरसमोर बसला. दिशा टाइप करून बघितल्या. पण अंधारात चालणाऱ्याने पाय सांभाळायचे की अक्षरं वाचायची? तीन वेळा खाली उतरले आणि तिन्ही वेळा छताखाली गाडले गेले. "आमचीच नजर कच्ची, उस्ताद," भट्टीवाला म्हणाला. भावाने डोकं हलवलं, ते त्यांना कुठून दिसणार? मग त्याने नकाशा सिस्टरला देऊन टाकला आणि कंदील घेतला. आता ती म्हणायची, "डावीकडे," भट्टीवाला परत म्हणायचा, आणि मग दोघं गप्प. भाऊ वळला की त्याचा कंदील हलायचा. तो हलला की सिस्टर पुढची दिशा सांगायची. शेवटच्या महिन्यात तो वळायला फार वेळ लावायचा. त्या दोघांनी एकदाही घाई केली नाही.

तो गेला, त्याच्या चौथ्या दिवशी चार वाजता मी त्याच्या खुर्चीत बसले आणि त्यांना सांगितलं. सिस्टर रडली. भट्टीवाल्याने आधी तिला सावरू दिलं. मग म्हणाला, "ताई, त्या मोठ्या कंपनीच्या नोकरीचं तुम्हाला माहीत असेलच."

"कुठल्या?"

"ते पन्नाशीचे असतानाची. देखरेखीचं काम, दुसऱ्या शहरात, राहायला घर. नाही म्हणाले ना ते."

नाही म्हणाला, हे मला माहीत होतं. आळशी आहेस, वर चढायची हिंमत नाही, असं मी त्याला तोंडावर सुनावलं होतं. त्या वेळीही तो काहीतरी सांगायला लागला होता.

"का नाही म्हणाला?" मी विचारलं.

"तुमचे यजमान नुकतेच गेले होते. ताई एकटी घरात कुणाशी बोलणार, म्हणाले."

मी खुर्चीचा हात धरून बसले. खोलीत त्याच्या औषधांचा वास होता. मग विचारलं, "आणखी काय काय सांगायचा?"

"पुष्कळ आहे, ताई," भट्टीवाला म्हणाला. "आता मला कणीक मळायला जायचंय. उद्या चारला या."

मी गेले. रोज जाते. ते सांगतात आणि मी ऐकते. पाच वर्षं तो पलीकडच्या खोलीत हे बोलत होता, आणि मला ते कळतंय एका नर्सकडून आणि एका पाववाल्याकडून.