हाके सरांचा टेस्टर

प्रयोगशाळेतला शिपाई शंकर "मेन बंद केलाय" म्हणाला, तरी हाके सर टेस्टर लावल्याशिवाय तारेला हात लावत नसत. वर त्याला विचारायचे, "म्हणतोयस खरं, पण बगितलंस का?" वर्तमानपत्र, पंचांग, प्राचार्यांचं हसू, सगळ्यांवर त्यांचा सारखाच संशय. सांगलीच्या पूर्वेकडच्या आमच्या कॉलेजात ते भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख आणि मी त्यांच्या हाताखालची नवखी व्याख्याती.

नव्वदच्या दशकात मला पुण्यात पीएच.डी.ची संधी आली. विषय होता कृमिविवर, म्हणजे अवकाशातल्या दोन लांबच्या ठिकाणांना जोडणारा बोगदा. समीकरणांत तो बसतो, पण कुणी पाहिलेला नाही. मी उत्साहाने सांगत होते, तोच सरांनी चष्मा काढला.

"जवळची वाट म्हटलं की मला शंका येती, बाई." सरांचं घराणं मेंढपाळांचं. वाघर, म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी, त्यांनी लहानपणी रोज उचलली होती. "जाळी एकानं वर धरायची, तवा मेंढरं आत. हात सोडला की जाळी खाली. तुमच्या बोगद्याचं तोंड कोण धरणार?"

नेमकं तिथंच घोडं अडलं होतं. असा बोगदा झालाच, तरी प्रकाश पार व्हायच्या आत तो मिटतो. उघडा राहायला आतून बाहेर रेटणारी ऋण ऊर्जा लागते. ती पुरेशी मिळू शकते का, हेच मला शोधायचं होतं.

"म्हंजे न्हाईच की!" सर म्हणाले. मला भयंकर राग आला.

रजेचं वेगळंच त्रांगडं होतं. माझे तास रिकामे राहिले तर संस्था दुसरा माणूस कायम नेमणार होती. प्राचार्य म्हणाले, "जागा तुमचीच." सर म्हणाले, "माझा न्हाई इश्वास. तास मी घेतो." स्टाफरूममध्ये कुजबुज सुरू झाली, सरांना त्या जागेवर आपला भाचा चिकटवायचाय. पुण्याला जाताना तो किडा माझ्याही डोक्यात वळवळत होता.

मी परतेपर्यंत सरांनी स्वतःचे तास सांभाळून माझेही घेतले, सुजलेल्या पायांनी, फळ्याशी उभं राहून. भाचा कधी आलाच नाही. प्रबंधाच्या शेवटी मी लिहिलं होतं की विवर उघडं धरू शकेल असं काही आजवर आढळलेलं नाही. सरांनी ते दोनदा वाचलं. "व्हय. मी म्हटलंच हुतं," म्हणाले आणि खडूचा डबा माझ्या हातात दिला. "घ्या तुमचा वर्ग. जागेवर हाय का बगून घ्या."

मला रडू आवरेना.

निवृत्तीनंतर वर्षभरातच ते गेले. शंकर वर्गाच्या दारात येऊन म्हणाला, "बाई, हाके सर गेलं."

माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणतोयस खरं, पण बगितलंस का?"

त्यानं मान हलवली. तो बघून आला होता.