दीडपट वाळू

मिस्त्री तुरुंगात काय करतो, असं कुणी विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं असे: "खुर्च्या करतो." हे खोटं नव्हतं. कैद्यांना रंधा धरायला शिकवायचं आणि सरकारी कचेऱ्यांसाठी खुर्च्या-टेबलं करून घ्यायची, हीच त्याची नोकरी. पण मागच्या भिंतीजवळ एक कुलूपबंद खोली होती. तिथल्या फळीचं आणि खटक्याचं कामही, सुतार म्हणून, त्याच्याच गळ्यात पडलं होतं. बिजागऱ्यांना तेल द्यायचं, आणि वरून हुकूम आला की फाशी जाणाऱ्याच्या वजनाच्या दीडपट वाळू पोत्यात भरून ते दोराला टांगून ठेवायचं. नवा दोर ताण पडला की वाढतो. तो आधीच वाढवून घेतलेला बरा.

खटका ओढणारा बाहेरून यायचा. त्याला भत्ता मिळायचा, वर्तमानपत्रवाले त्याच्या मागे लागायचे. मिस्त्रीच्या वाट्याला यायची ती पाठदुखी.

बायकोला ठाऊक होतं. ती गेली आणि गुपित एकट्याचं उरलं. लेकीला सांगायची वेळ एकदा आली होती. एका फाशीनंतर वर्तमानपत्रात सगळं चित्रासकट छापून आलं, आणि लेकीनं ते जेवताना मोठ्यानं वाचून दाखवलं. पोतं, वाळू, दीडपट, सगळं. "कोण करत असेल हो हे? मी तर असल्या माणसाच्या हातचं पाणीही पिणार नाही."

"असेल कुणीतरी पोटासाठी," मिस्त्री म्हणाला आणि मान खाली घालून घास गिळला. पुढे लेकीचं लग्न झालं, नात झाली, तोंड उघडायचं राहूनच गेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण ती आवळून आवळून हात किती भरून येतो, ते काही कुणी सांगत नाही.

आता तर तो पार थकला होता. निवृत्ती तोंडावर आलेली, आणि एका कैद्याचा दयेचा अर्ज वर कुठेतरी पडून होता. आपण सुटेपर्यंत तो तसाच पडून राहावा, एवढंच मिस्त्रीचं मागणं. कैद्याची दया येत होती म्हणावं, तर तीही आता पहिल्यासारखी येत नव्हती. मिस्त्रीला कंटाळा आला होता. अर्ज फेटाळला गेला. "मिस्त्री, मंगळवारी," साहेब म्हणाले, तेही भिंतीकडे बघत.

सुट्टीच्या दिवशी लेक आली, बरोबर नात. घरात सगळे तिला पिटुकली म्हणत. "आजोबा, झोका!" एवढं ऐकल्यावर मिस्त्रीला कुठली पाठ नि कुठलं दुखणं! त्यानं फळी तासली, कडा हाताला लागणार नाहीत अशा घासल्या, नवा दोर काढला.

"पोरीचं वजन किती गं?"

"जेवतच नाही कार्टी," म्हणत लेकीनं आकडा सांगितला, आणि मायलेकी बाजारात गेल्या.

मिस्त्रीनं दोर व्हरांड्याच्या तुळईला बांधला. फळी बसवण्याआधी तो ताणून घ्यायला हवा. कोपऱ्यात बांधकामाची वाळू पडली होती, ती त्यानं पोत्यात भरली आणि पोतं दोराला टांगलं. आपल्या नातीखाली दोर ढिला पडू नये, याखेरीज त्याच्या मनात दुसरं काही आलंच नाही. मग जरा पाठ टेकावी म्हणून आत गेला, आणि त्याचा डोळा लागला.

फाटक वाजलं तेव्हा तो उठून बाहेर आला. लेक पायरीशीच उभी होती, हातातली पिशवीही तिनं खाली ठेवली नव्हती.

"वाळू आहे त्यात?"

"हो."

"दीडपट?"

मिस्त्रीनं हलणारं पोतं हातानं थांबवलं.

"तुम्ही खुर्च्या करता ना, बाबा?"

"खुर्च्याही करतो."

"आजोबा, पोत्याचं झालं असेल तर आता माझी पाळी," पिटुकली म्हणाली.

मिस्त्रीनं पोतं उतरवलं, फळी बसवली. लेकीनं पिशवी ठेवून दोर हातानं ओढून पाहिला, मग पोरीला बसवलं आणि स्वतःच झोके देऊ लागली. दोर भक्कम होता. त्याबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती.

उन्हातून आलेल्याला पाणी द्यायचं, ही त्याची जुनी सवय. भरलेला पेला घेऊन दारात आल्यावर त्याला लेकीचं ते बोलणं आठवलं. तरी त्यानं हात पुढे केला. लेकीनं पेला घेतला, ओठांशी नेला आणि थांबली.

"संपलं ना ते सगळं आता?"

हो म्हणणं सोपं होतं. इतकी वर्षं तेच तर केलं होतं. पण खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो.

"मंगळवारी आहे एक," मिस्त्री म्हणाला.

लेकीनं पेला कठड्यावर ठेवून दिला, होता तसाच भरलेला. झोका हळूहळू थांबला. पिटुकली खाली उतरली, घामानं डबडबलेली, आणि कठड्यावरचा पेला दोन्ही हातांनी उचलून घटाघटा प्यायली. लेकीचा हात पुढे झाला, पण तिनं तिला अडवलं नाही.