कापलेली कड

काका भिंग घेऊन कागदाची कड शोधत होते, आणि कड मी कालच कापून टाकलेली.

खोपटला माझं फ्रेमिंगचं दुकान आहे. एकतीस वर्षं हेच करतोय. कागद आला की आधी चारी बाजू कटरने सरळ करायच्या, मग माउंट लावायचा. माउंट म्हणजे चित्राभोवतीचा पांढरा पुठ्ठा. हाताला सवयच झालीय.

बाळकुमचे हे काका जुने गिऱ्हाईक. त्यांचं चित्र लांबून नुसता राखाडी चौकोन. पण रोज पाण्यासारख्या पातळ रंगाचा एकच हात द्यायचे. आज निळा, उद्या गेरू, परवा हिरवा. प्रत्येक हात आधीच्यापेक्षा जरा आत थांबवायचे. मध्ये सगळं मिसळून राखाडी, कडेला मात्र एकेका रंगाची पायरी. दर वेळी स्वतः यायचे आणि बजावायचे, "विलास, कडेला हात लावू नकोस."

यंदा त्यांची नजर अधू झाली. हे शेवटचं चित्र. ते द्यायला सून आलेली. "दादा, एकदम क्लीन करा हं," एवढंच म्हणाली. मला सगळं माहीत होतं हो! तरी हाताने नेहमीचंच केलं. दुसऱ्या दिवशी काका स्वतः भिंग घेऊन बघायला आले.

"विलास, कड कुठाय रे?"

"काका, चुकून कापली गेली."

"आणि तुकडे?"

"सकाळीच कचऱ्याच्या गाडीत गेले."

काका स्टुलावर बसले. "मधलं मला आता दिसत नाही. भिंगातून त्या पायऱ्या तेवढ्या दिसायच्या. मोजत बसायचो. एकोणीस दिवस काम केलंय, एवढं तरी कळायचं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "परत एक करा ना काका."

"कुठल्या डोळ्यांनी करू?" मग हळूच म्हणाले, "तू बघ. तुला तरी दिसतात का रंग?"

मी कागद दारात उजेडाला धरला. बराच वेळ बघितला. राखाडीच होता.

"दिसतात," मी म्हणालो.

"पहिला कुठला?"

मी कागद पुन्हा उजेडाकडे फिरवला. काका काठी घेऊन उठले, रिक्षात बसले, गेले. परत कधी दुकानात आले नाहीत.

संध्याकाळी सून फ्रेम न्यायला आली. मी कडेचं सांगायला लागलो, तर म्हणाली, "छान क्लीन झालीय, दादा."

आता ऑर्डरच्या पावतीवर 'कड ठेवायची का?' असं छापून घेतलंय. गिऱ्हाइकं विचारतात, हे काय नवीन? मी म्हणतो, आधी सही करा. मग कटर उचलतो.