माझा कॉलरा आणि गफूरभाई

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण एका शब्दापायी मी अख्खं येडशी गाव कसं हादरवलं ते सांगतोय.

साठ सालानंतरची गोष्ट. मी तिथं शाळेत मास्तर होतो. शिक्षण सगळं निजामाच्या राज्यात, उर्दूतून. इंग्रजीला आपला लांबूनच रामराम. अंगानं मात्र भरलेला. भाकरीवरची तुपाची धार थांबली की मी मान वर करून बायकोकडं बघायचो. रामलिंगच्या देवळाच्या पायऱ्या चढताना धाप लागायला लागली, तेव्हा तिनंच मला सोलापूरला मोठ्या डॉक्टरांकडं धाडलं.

त्यांनी रक्त घेतलं, आठ दिवसांनी बोलावलं आणि म्हणाले, "गुरुजी, तुमचं कोलेस्टेरॉल वाढलंय."

मी ऐकलं, कॉलरा. पुढं माझे कानच बंद झाले. तूप सोडा, पालेभाजी खा, रोज चाला, असं काहीबाही ते सांगत होते. गोळी नाही, सुई नाही. मी मनात म्हटलं, औषधसुद्धा देत नाहीत, म्हणजे आपला कारभार आटोपला.

येडशीला उतरलो आणि शेजाऱ्यांना लांबूनच सांगितलं की, जवळ येऊ नका, मला कॉलरा झालाय. झालं! संध्याकाळपर्यंत गल्लीत शुकशुकाट. विहिरीत लाल औषध पडलं, शाळा बंद झाली. बायको पाण्याचे हंडे उकळत बसली आणि मी ओसरीवर मरणाची वाट बघत पडलो. कुणी फिरकलं न्हाय.

फिरकले ते एकटे गफूरभाई, पलीकडचे शिंपी. सरळ उशाशी येऊन बसले, कपाळावर हात ठेवला. तुम्हाला लागण होईल म्हटलं, तर म्हणाले, "होऊ द्या की. एकट्यानं मरायचं असतंय व्हय, मास्तर?"

दुसऱ्या दिवशी लस टोचणारे साहेब आले. निम्म्या गावाला सुया टोचून झाल्यावर त्यांनी मला सोलापूरच्या डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी मागितली. जुलाब किती, उलट्या किती, विचारलं. एकही नाही म्हणालो. साहेबांनी चिठ्ठी वाचली आणि मग माझ्या पोटाकडं बघितलं.

"गुरुजी, तुमच्या रक्तात चरबी झालीय. ही दुसऱ्याला लागत नाही."

बाहेर दंड चोळत उभं राहिलेलं गाव ते ऐकत होतं. आता तुम्हीच सांगा, मी तोंड कुठं लपवावं?

तिसऱ्या दिवशी पहाटे गफूरभाईंनी दार वाजवलं. डॉक्टरनं चालायला सांगितलंय ना, चला म्हणाले. लोक हसतील म्हटलं.

"मग दोघांना हसतील."

तेव्हापासून रोज आम्ही रामलिंगपर्यंत जाऊन यायचो. ताटातलं तूप गेलं. अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी आली. माझे पायजमे त्यांनीच दोनदा कमरेत आवळून दिले.

वर्षभरानं पुन्हा रक्त तपासलं. डॉक्टर खूश. सोबत आलेल्या गफूरभाईंकडं बघून त्यांनी विचारलं, हे तुमचे कोण? मी भाऊ म्हणणार होतो. तेवढ्यात गफूरभाई म्हणाले,

"मी ह्यांच्यासंगं येतो, साहेब. एकट्याला धाडलं तर गावात येऊन काय सांगतील, भरवसा न्हाय."