लहान धक्क्यांचा आलेख

आलेखरावांनी मेहुण्याचा हात मोडला, तोही घराच्या वाटणीवरून, ही आमच्या गल्लीतली पक्की बातमी. तिला तिखटमीठ लावणाऱ्यांत अस्मादिकही होतेच. पण वाटणीबिटणी सगळं झूट. हात मोडला तो कारखान्यात. चूक मात्र आलेखरावांची. ते स्वतःच सांगतात.

तिथे तापलेला धातू ओतणारा एक यांत्रिक हात आहे. तो सांगितल्या जागी थांबतो की डुलत सुटतो, हे चालू करण्याआधी तपासायचं काम आलेखरावांचं. मोटरला आधी संथ, मग भरभर झुलवायचं. हात किती झुलला, किती मागे पडला, ते कागदावर मांडायचं. रेघ धोक्याच्या खुणेपासून लांब राहिली, की पास.

भानगड अशी, की मोठ्या झोक्याला मोटरचा जोर अपुरा पडतो, हात आणखी मागे रेंगाळतो आणि रेघच बदलते. आलेखरावांना हे तोंडपाठ. पण यंत्र नवंकोरं, मालक म्हणाले, "जपून हं, ओरखडा नको!" मग यांनी लाडक्या बाळासारखे नुसते लहान लहान झोके दिले, मोठा एकही नाही. रेघ इतकी देखणी आली, की स्वारी सही ठोकून मोकळी.

यंत्र चालवायला बसला मेहुणा. पूर्ण भार आल्यावर हात जो डुलायला लागला, तो थांबेचना. बंद करायला मेहुणा धावला आणि त्याचं मनगट त्यात सापडलं.

त्यानं आलेखरावांना कधी दोष दिला नाही. म्हणूनच आलेखराव आपली चूक स्वतःच सांगत फिरतात.

आता मोटर बदलली. या खेपेला आलेखरावांनी लहान, मधले, मोठे, सगळे झोके दिले. मोठ्या झोक्याची रेघ खुणेला जाऊन चिकटली.

"बाकीच्या छान आल्यात की!" मालक म्हणाले.

घरी बायको म्हणाली, "अहो, घरी बसून बसून भाऊ माझा पार खचलाय. कामावर जाऊ दे ना त्याला."

शेवटी मेहुणाच आला. "भाऊजी, करून टाका सही. मी सांभाळून चालवीन. आणि माझा राग नाहीये तुमच्यावर, खरंच."

आलेखरावांनी पेनाचं टोपण लावलं.

"मग आता धर राग. सही मिळणार नाही."