न बोलण्याची वकिली

लॉ कॉलेजात मी दरवर्षी एक जुनं रोमन भाषण शिकवते. दोन हजार वर्षांपूर्वी एका वकिलानं आरोपीच्या बचावासाठी केलेलं. त्यातल्या युक्त्या फळ्यावर लिहिते: "हे मी सांगणार नाही" म्हणत सगळं सांगून टाकायचं, आरोपीला दाढी वाढवून मळक्या कपड्यांत आणायचं, त्याच्या म्हाताऱ्या आईला समोर रडायला बसवायचं, आणि फिर्यादीचं तोंडभर कौतुक करत त्याच्या पायाखालची सतरंजी ओढायची. मुलं हसतात. मलाही मजा यायची. यंदा हेच सगळं माझ्या धाकट्या भावावर चालवलेलं मी कोर्टात बसून ऐकलं, आणि अजून तोंडाची चव गेलेली आहे.

भाऊ फुटबॉलचा पंच. आमच्याकडं पेठेपेठेच्या टीम, आणि पंच दोन्ही पेठांबाहेरचा लागतो. तोही नावापुरताच; कोल्हापुरात कुणाचंही आजोळ नाहीतर सासुरवाडी कुठल्या तरी पेठेत निघतेच. सामना संपल्यावर हरलेल्या टीमच्या एका दांडग्यानं हातातलं कडं काढून त्याच्या तोंडावर हाणलं. डावा डोळा गेला. गॅलरी खच्चून भरलेली होती, पण साक्षीच्या वेळी कुणीच काही पाहिलेलं नव्हतं. उरला एकट्या भावाचा शब्द. तो कोर्टानं मानला तर शिक्षा, नाहीतर तो दांडगा मोकळा.

युक्तिवादाच्या दिवशी, एरवी कडक इस्त्रीत मिरवणारा हा गडी खुंट वाढवून, उसवलेल्या शर्टात आला. शेजारी त्याची आई. आवारात त्याचा वकील तिला समजावत होता, "मावशी, आत्ताच न्हाय. मी आईचं नाव काढलं की मग रडा." बाईंनी मान डोलावली आणि हातातला उरलेला वडा संपवला. मला शिसारी आली.

आत वकिलानं आधी भावाला डोक्यावर घेतलं. देवमाणूस, सज्जन, पण एवढ्या वेदनेत कुणाचीही नजर फसेल. मग आवाज खाली आणला. "साहेब, पंचांची सासुरवाडी जिंकलेल्या टीमच्या पेठेत आहे, हे मी बोलणारच नाही. सामन्याच्या दुपारी ते सासऱ्यांच्या पंगतीला बसले होते, तेही मी काढणार नाही. पाहुणचार काही गुन्हा नव्हे."

सरकारी वकील हरकत घ्यायला उठले, तर हा हात पसरून म्हणतो, "मी कुठं काय म्हटलं?" अरे, भाऊ दर रविवारी वहिनीच्या माहेरी जेवतो, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. तांबड्या रश्शाचा आणि फुटलेल्या डोळ्याचा काय संबंध? पण मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. मग आईचं नाव निघालं आणि म्हातारीनं वेळेवर हंबरडा फोडला. वकिलानंही डोळ्यांना रुमाल लावला. कोरडा ठणठणीत रुमाल. पदवी, नोकरी सगळं विसरून त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं.

बाहेर लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते. "काय बोलला राव, नाद खुळा!" भाऊ काळा चष्मा लावून जिन्यापाशी थांबला होता. निकाल अजून लागायचाय, धीर सोडू नकोस, असं मी सांगत होते. त्याचं लक्ष आईला धरून जिना उतरणाऱ्या त्या दांडग्याकडं होतं.

"आक्का," तो हळूच म्हणाला, "मला मारलं त्यो ह्योच हुता न्हवं?"