माझे ढोलकीचे मास्तर

लग्न होऊन त्या गावात गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि मला गाता येत नव्हतं. यजमान नुकतेच पाळक झाले होते. घाटंजीच्या पुढे, कच्च्या रस्त्यावरच्या त्या गावातली वीस-बावीस घरांची मंडळी ही त्यांची पहिली नेमणूक. साल सत्तावन. उपासनेत गीताची पहिली ओळ पाळकाच्या बायकोने उचलायची, असा तिथला रिवाज आहे हे मला कुणी आधी सांगितलंच नाही. पहिल्या रविवारी यजमानांनी गीताचा क्रमांक सांगितला आणि सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी ओळ उचलली. ती कुठल्या कुठे गेली. पुरुषांच्या बाजूला दोघातिघांनी खोकल्याचं निमित्त करून तोंडावर दुपट्टा धरला.

माझ्या शेजारी बायबलबाई बसल्या होत्या. म्हातारी विधवा बाई. गेली कित्येक वर्षं खेडोपाडी पायी फिरून लोकांच्या अंगणात शास्त्र वाचून दाखवायचं, हे त्यांचं काम. तोंडात चार दात, पण आवाज असा की दुसऱ्या गल्लीतली म्हैस मान वर करून बघेल. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पुटपुटल्या, "राहू दे माय. तू नुसते ओठ हालव. आवाज मी देतो."

तेव्हापासून मी ओठ हलवत आले.

आमचं चर्च म्हणजे चुन्याने रंगवलेली एक लांब खोली, वर टिनाचं छप्पर, खाली सतरंज्या. डावीकडे पुरुष, उजवीकडे बाया. बाहेर कडुनिंबाला आगगाडीच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता, तीच घंटा. ती तीनदा वाजे, पण घंटेवर कुणी घर सोडत नसे. तिसऱ्या घंटेनंतर आत ढोलकी सुरू व्हायची आणि ती कानावर पडली की हातातलं काम टाकून माणसं निघायची. बायांची भाकर तव्यावर असायची, पुरुषांची दाढी अर्धी झालेली असायची. एकदा एक गृहस्थ एका गालाला साबण तसाच ठेवून आले आणि पहिलं गीत संपेपर्यंत कुणी त्यांना सांगितलं नाही.

ती ढोलकी वाजवणारा माणूस आमच्या मंडळीतला नव्हता. रस्त्याच्या पलीकडच्या वस्तीत त्यांचं घर होतं. पन्नाशीचे, काटक, कपाळावर एक जुनी खोक. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वाजवण्याचं काम चालत आलेलं. गावात लग्न असो, मयत असो, देवीची मिरवणूक असो, बोलावणं आलं की जायचं. पण तिथे ते दाराबाहेर उभे राहून वाजवत, आणि आमच्याकडे सतरंजीवर बसून. उपासना झाली की आमच्या ओसरीवर चहा घेऊन घरी जात. आधीच्या पाळकांच्या काळापासून हे असंच चाललं होतं. त्यांना सगळे भाऊ म्हणत, मीही म्हणू लागले.

त्या वर्षी थंडी पडायच्या सुमारास त्यांच्या वस्तीने दीक्षा घेतली. नागपूरला जाऊन आलेली माणसं आदल्या वर्षापासून गावोगाव सांगत होतीच. एका सकाळी वस्तीतली सगळी घरं पांढऱ्या कपड्यांत बाहेर पडली आणि पायी तालुक्याच्या गावी जाऊन बौद्ध होऊन परत आली. पुढच्या रविवारी घंटा तीनदा वाजली, पण ढोलकी काही वाजेना. लोक वाट बघत घरीच बसले. यजमानांनी सात माणसांत उपासना सुरू केली.

संध्याकाळी आम्ही दोघं भाऊंच्या घरी गेलो. त्यांनी खाट टाकली, पाणी दिलं. यजमानांनी विचारलं, "भाऊ, आमचं काही चुकलं का?"

"नाही जी साहेब. तुमी मले कधी दारात नाही बसवलं. आपल्या संगं चहा पाजला. तुमच्याबद्दल माह्या मनात काईच नाही."

"मग?"

"पाटलाकडचा माणूस काल आलता. लग्न हाय, वाजवाले ये म्हणे. म्या म्हटलं, आता आमी ते काम सोडलं. थो म्हणे, त्या पाळकाच्या इथं वाजवतं, मंग आमच्या इथं कायले नाही? आता तुमीच सांगा साहेब, तुमच्या इथं वाजवलं तं त्याले मी काय तोंडानं नाही म्हणू?"

यजमानांनी मान डोलावली. माणूस बरोबर होता.

निघता निघता भाऊंनी आतून ढोलकी आणली. चर्चचीच ढोलकी, दुरुस्तीसाठी त्यांच्याकडे होती. दोऱ्या नव्याने ओढलेल्या. त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि मी उगाच, हातात आली म्हणून, बोटांनी दोनदा वाजवली. भाऊंनी मान वाकडी केली.

"पुन्हा वाजव बरं, बाई."

मी वाजवली.

"गळा नाही तुले, हे साऱ्या गावाले मालूम हाय," ते म्हणाले, "पण हात हाय. मी वाजवणार नाही. शिकवतो मात्र. वाजवणं काम झालं. शिकवणं म्हणजे मास्तरकी. त्याले पाटीलही काई म्हणू शकत नाही."

मला हसू आलं, पण ते हसत नव्हते. यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "कधीपासून येता?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले. धुतलेला सदरा, डोक्याला स्वच्छ पागोटं. आमच्या घरात एकच खुर्ची होती, यजमान तिच्यावर बसून प्रवचन लिहीत. ती मी ओसरीवर आणून ठेवली आणि स्वतः खाली सतरंजीवर बसले. भाऊ खुर्चीपाशी थोडा वेळ उभे राहिले. मग बसले, अगदी कडेला. ओसरी रस्त्यावरच होती. विहिरीवर जाणाऱ्या बाया थांबल्या, एक बंडीवाला बैल थांबवून बघत राहिला. पांढऱ्या लुगड्यातली पाळकीणबाई खाली आणि हा माणूस खुर्चीवर, असं त्या गावाने आधी कधी पाहिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी भाऊ खुर्चीत पाठ टेकून बसले, आणि चौथ्या दिवशी माझ्यावर ओरडायलाही लागले.

"काहून घाई करून राह्यली वं? कोणी मागं लागलं काय तुह्या?"

मास्तर म्हणून ते कडक होते. पहिले आठ दिवस त्यांनी मला ढोलकीला हात लावू दिला नाही. रस्त्यावरून बैल चालला की म्हणायचे, "ऐक. त्याचे घुंगरू ऐक. भरल्या बंडीचा बैल आन रिकाम्या बंडीचा बैल, दोघांची चाल येगळी. आपल्याले भरल्या बंडीची चाल पाह्यजे." मग पाटावर बोटं वाजवायला लावली. मी भाकरी थापताना परातीवर वाजवायची, वरण उकळताना झाकणावर वाजवायची. यजमान जेवायला बसले की माझी बोटं जमिनीवर चालूच. एकदा ते म्हणाले, "आता ताटातलं वरण तेवढं स्थिर राहू दे."

ही बातमी थोरल्या पंचांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. ते आमच्या मंडळीतले सगळ्यांत वडीलधारे, सोनेरी काडीचा चष्मा, मिशा पिळलेल्या. रविवारी उपासनेनंतर ते सगळ्यांसमोर उभे राहिले.

"पाळकसाहेब, मी ऐकून राह्यलो ते खरं हाय काय? बाईमाणूस चर्चमंदी ढोलकी वाजवणार? हे परमेश्वराचं घर हाय का तमाशाचा तंबू?"

यजमान काही बोलणार तोच बायबलबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"पंच, शास्त्रात बायांनी डफ वाजवल्याचं लिहून हाय. पान काढून देऊ? का चष्मा घरी राह्यला?"

चष्मा पंचांच्या नाकावरच होता. बायांच्या बाजूला हसू फुटलं, मग पुरुषांच्या बाजूलाही. पंच खाली बसले, पण पुढे तीन रविवार ते माझ्याकडे न बघता बाहेर पडत.

नाताळच्या आधीच्या रविवारी मी पहिल्यांदा वाजवली. तिसरी घंटा झाली आणि मी सुरू केलं. बाहेर पावलं वाजायला लागली, माणसं धावत येत होती. खोली भरली, तसा माझा धीर सुटला आणि हात पळायला लागले. भरल्या बंडीची चाल विसरले. रिकामी बंडीही नाही, बैल उधळल्यासारखं झालं. लोक बिचारे ढोलकीच्या मागे गाऊ लागले. एरवी डोळे मिटून रेंगाळत म्हणायचं ते सहा कडव्यांचं गीत आम्ही असं काही म्हटलं की चौथ्या कडव्याला आमच्या मंडळीतले एक कंपाउंडर दम खायला थांबले. थोरल्या पंचांना पुस्तकाचं पान उलटायला वेळच मिळेना; ते तिसऱ्या कडव्यावर, मंडळी पाचव्यावर. बायबलबाई मात्र एक शब्द न गाळता शेवटपर्यंत आल्या आणि शेवटची ओळ संपल्यावर मोठ्याने म्हणाल्या, "हालेलुया! पोचलो बाप्पा!"

यजमान व्यासपीठावर पाठ करून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते. त्या दिवशीचं प्रवचन त्यांनी बरंच उशिरा सुरू केलं.

दुपारी भाऊंची बायको आमच्याकडे आली, पदर तोंडाला लावून हसत. "काय सांगू बाई, आमचा माणूस सकाळपासून उंबरठ्यावर बसूनसन्या उड्या मारून राह्यला. 'धीरं वं, धीरं, धीरं!' शेजारीण विचारे, ह्याले विंचू चावला काय?"

तीही हसली, मीही हसले. मग ती ओसरीच्या खांबाला टेकून बसली आणि हळूच तिने कमरेचं एक लहानसं पुस्तक काढलं. बुद्धवंदनेचं पुस्तक, नागपुराहून आणलेलं. वस्तीतल्या पुरुषांपैकी दोघांना वाचता येत होतं, बायांपैकी एकीलाही नाही.

"तो म्हणे, बाईपाशी काई मागाचं असंन तं हेच माग," ती म्हणाली. "मले वाचाले शिकव."

मी तिला त्याच दिवशी पाटी दिली. पुढच्या रविवारी ती आणखी तिघींना घेऊन आली, त्याच्या पुढच्या रविवारी सात जणी. दुपारी उपासना आटोपून आमची माणसं घरी गेली की चर्चच्या ओसरीवर पाट्या मांडल्या जायच्या. आमच्या मंडळीतल्याही ज्या निरक्षर होत्या, त्या बघून बघून येऊन बसल्या. पंचांची बायको सगळ्यांत शेवटी आली आणि सगळ्यांत पुढे बसली.

साहजिकच पंच पुन्हा उभे राहिले. चर्चच्या ओसरीवर बौद्धांचं पुस्तक वाचलं जातं, हे मिशनमधल्या वरच्या लोकांना कळलं तर काय, असं त्यांचं म्हणणं. या वेळी मात्र यजमान स्वतः बोलले. रागावले नाहीत. म्हणाले, "पंच, त्या अजून क ला काना का यावर आहेत. यात आमचं काय आणि त्यांचं काय? पुस्तकापर्यंत पोचल्या की मला सांगा, आपण आनंदाने जेवण घालू." पंचांनी घरी जाऊन बायकोला विचारलं असावं, कारण त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

ढोलकी मला यायला वर्ष लागलं. भाऊ दर मंगळवारी येत, खुर्चीत बसत, चहा घेत आणि चुका काढत. चर्चमध्ये ते कधी आले नाहीत. मीही कधी या म्हटलं नाही.

साठ साली आमच्या मंडळीने कापणीचा सण जोरात केला. सगळ्यांनी वावरातलं पहिलं पीक आणलं. ज्वारीची कणसं, तुरीच्या शेंगा, भोपळे, कपाशीची बोंडं, एका म्हातारीने एक कोंबडा. कोंबडा व्यासपीठाच्या पायाला बांधला होता आणि प्रार्थनेत दोनदा बोलला. उपासनेनंतर बाहेर मांडवात जेवण होतं आणि पलीकडच्या वस्तीला आमंत्रण होतं. सगळे आले. कढईत वांग्याची भाजी, वरण, ज्वारीच्या भाकरींच्या चळती. कुणी कुठे बसायचं असा प्रश्न कुणी काढला नाही, जो जिथे जागा मिळेल तिथे बसला. थोरले पंच वाढत होते.

जेवणाआधी गाणी झाली. भाऊ पहिल्या रांगेत पाहुणे म्हणून बसले होते, हात मांडीवर, डोळे मिटलेले. मी वाजवायला बसले. त्या दिवशी मला घाई झाली नाही. गीत सावकाश चाललं, बायबलबाईंचा आवाज वर, बाकीच्यांचा त्याच्या मागे, आणि मला पहिल्यांदा वाटलं की मीही गाते आहे. मग भाऊंच्या बायकोने उभं राहून आपल्या पुस्तकातलं एक पान वाचून दाखवलं. अडखळत, बोट ठेवून, पण सगळं. तिचं वाचून होईपर्यंत मांडवात कुणी भाकरीला हात लावला नाही. वाचून झाल्यावर ती घाम पुसत खाली बसली आणि पंचांच्या बायकोने तिला पाणी दिलं.

मी भाऊंजवळ गेले. "कसं झालं, मास्तर?"

"तिसऱ्या कडव्याले डावा हात जड झालता," ते म्हणाले. मग बायकोकडे बघत म्हणाले, "अन तिनं एक ओळ गाळली. पण मी कोणाले सांगणार नाही."

"तुम्हाला कसं कळलं? तुम्हाला तर वाचता येत नाही."

"माह्यं सारं पाठ हाय न."

त्रेसष्ट साली यजमानांची राळेगावकडे बदली झाली. तोपर्यंत मंडळीतल्या दोन मुली ढोलकी शिकल्या होत्या, त्यातली एक पंचांची नात. तिलाही शिकवा म्हणून पंच स्वतः सांगायला आले होते, मिशांवरून हात फिरवत, जणू ही कल्पना त्यांचीच. एसटी गावाबाहेरच्या फाट्यावर थांबे. तिथपर्यंत दोन्ही बाजूंची माणसं आली, बायबलबाईंना बंडीत बसवून आणलं. रडणं झालं, हसणं झालं, कुणीतरी डब्यात चून-भाकर दिली.

नव्या गावी सामान लावून होतं न होतं तोच एक पोस्टकार्ड आलं. भाऊंच्या बायकोचं, तिने स्वतः लिहिलेलं. अक्षरं चिंचोक्याएवढी, ओळी खाली उतरत गेलेल्या. विहिरीला पाणी चांगलं आहे, परसात भेंडी लावली, धाकटा आता घाटंजीच्या शाळेत जातो, मास्तर बरे आहेत. मी ते यजमानांना दोनदा वाचून दाखवलं. खाली कोपऱ्यात, जागा संपत आल्यावर, तिने दाटीवाटीने लिहिलं होतं: "उत्तर लवकर धाडा. अन अक्षर मोठं काढा."